डाव्या हाताचं पान

लिफ्ट भलत्याच मजल्यावर थांबली. दार उघडलं, समोरच्या बंद दारापुढे कुणाच्या तरी चपला ओळीनं लावलेल्या होत्या, आणि आत येणारं कुणीच नव्हतं. "अगं, कुठलं बटण दाबलंस?" आई मुलीला म्हणाली. मुलगी चार-पाच वर्षांची असेल. तिच्या डाव्या हातात जाड लोकरी मोजा होता, पायातलाच, आणि मनगटापाशी तो रबरानं आवळला होता. दिवस उन्हाळ्याचे. उजव्या हाताचं बोट तिनं अजून बटणापाशीच धरलं होतं आणि ते दुसऱ्या कुणाचं तरी असावं तसं ती त्याच्याकडे बघत होती. दार मिटलं, लिफ्ट पुन्हा हलली. मास्तर कोपऱ्यात पिशवी सांभाळत उभे होते. त्यांना आधी वाटलं हाताला काही लागलं असेल, भाजलं असेल. त्यांनी तसं विचारलं.

"छे हो काका," आई म्हणाली. "सवय मोडतोय. सगळं डाव्या हातानं करते ही. आता शाळेत लिहायला लागेल, मग पंचाईत नको. फोनवर वाचलं, मोजा घालून ठेवला की आपोआप दुसरा हात चालायला लागतो."

मास्तरांच्या स्वतःच्याच मनगटाभोवती काहीतरी आवळल्यासारखं झालं. पण त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते त्यांना लपवता येईना. कारण या प्रश्नाचं उत्तर जगाला ठाऊक होतं आणि ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलं होतं. "त्याच्यापेक्षा चांगलं एक पान आहे," ते म्हणाले. "डावखुऱ्या मुलांबद्दल. एका जुन्या मास्तरांनी लिहिलंय. सर्च करा की. सगळ्यात वर तेच येतं." ते मास्तर म्हणजे मीच, हे त्यांनी सांगितलं नाही. ते तिला आपणहून कळावं, एखाद्या दिवशी तिनं जिन्यात गाठून म्हणावं, अहो काका, तुम्हीच होय ते, ही गोळी त्यांना गालात धरून चघळायची होती. सगळ्यात वर हे दोन शब्द उच्चारताना तर त्यांची मान आपोआप ताठ झाली.

आईनं उभ्याउभ्या अंगठ्यानं काहीतरी टाइप केलं. थोडं वर-खाली केलं. "हे बघा, वर हेच आहे. डावा हात सोडवण्याचे सोपे उपाय. हेच वाचलं होतं मी." मास्तर म्हणाले, जरा खाली बघा. तिनं बघितलं. अजून खाली. "पुढच्या पानावरही गेले काका. मास्तरांचं काही दिसत नाही." आणि मग, म्हाताऱ्या माणसांशी बोलायचा एक मऊ आवाज असतो त्या आवाजात, "बघते हं मी नंतर." मास्तरांचा मजला आला होता. बाहेर पडताना त्यांनी वळून पाहिलं तेव्हा मुलगी मोज्यातली बोटं आतल्या आत हलवत होती. लोकरीखाली एखादं जनावर कूस बदलतंय असं दिसत होतं. मग दार मिटलं.

घरात आल्यावर पिशवी त्यांनी टेबलावर तशीच ठेवली आणि थेट खिडकीजवळच्या संगणकापाशी गेले. बायको आतून म्हणाली, "दूध बाहेर राहिलं तर नासेल, तुमच्या पानासारखं ते आपोआप ताजं राहत नाही." ती या पानाला सवत म्हणायची. पान त्यांचं होतं पण बसवून दिलं होतं मुलीनं, जिला घरात शाई म्हणत. शाळेतून निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने मास्तर घरभर नुसते फिरत असत. स्वयंपाकघरातल्या डब्यांची रांग सरळ करत, बायकोला शेजारणीशी बोलताना मध्येच थांबवून वाक्य पूर्ण करायला सांगत. एका रविवारी शाई आली, सगळं बघितलं, आणि म्हणाली, बाबा, तुम्हाला जे येतं ते लिहा, मी ते अशा ठिकाणी ठेवते की ज्याला हवंय त्याला सापडेल. तिचा धंदाच तो. लोक काय शोधतात आणि त्यांना काय सापडतं यांच्या मधली जी गल्ली आहे, त्या गल्लीत तिचं दुकान, असं ती स्वतः सांगायची. मास्तरांना खूप येत होतं, पण लिहायला बसले तेव्हा एकच गोष्ट वर आली. डाव्या हातानं लिहिणाऱ्या मुलाला कसं शिकवायचं. त्यांनी लिहिलं, तिनं ठेवलं, आणि हळूहळू ते पान वर चढत चढत सगळ्यात वर जाऊन बसलं. तेव्हापासून रोज सकाळी दात घासल्यावर ते सर्च करून आपलं पान जागेवर आहे का बघत. हजेरी घेतल्यासारखं. गेल्या काही दिवसांत गुडघ्याच्या दुखण्यानं हजेरी राहिली होती.

आता त्यांनी टाइप केलं. वर तेच, डावा हात सोडवण्याचे सोपे उपाय. त्याखाली डावखुऱ्यांसाठी कात्र्या विकणारे कुणी. त्याखाली डावखुऱ्या लोकांचा स्वभाव कसा असतो. ते खाली खाली जात राहिले आणि त्यांना वर्गाबाहेर उभं केलेल्या पोराची आठवण झाली. खिडकीतून आत बघणारं, आपल्या बाकावर दुसराच कुणी बसलाय हे बघणारं. पान कुठेच नव्हतं. म्हणजे होतं, पत्ता नीट लिहिला तर उघडत होतं. पण ज्याला पत्ता ठाऊक नाही त्याच्यासाठी नव्हतं. आणि पत्ता ठाऊक नसलेल्यांसाठीच तर ते लिहिलं होतं. वरच्या मजल्यावर एक मोजा होता. अशा किती घरांतून आत्ता या क्षणी कुणीतरी आई अंगठ्यानं काहीतरी टाइप करत असेल आणि तिला पहिल्यांदा मोजाच सापडत असेल, हा विचार आला तसे ते खुर्चीत मागे टेकले. खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसत होते. त्यातल्या मोज्यांच्या जोडीकडे ते बराच वेळ बघत राहिले.

रुमाल होता तो. मोजा नव्हे, रुमाल. शाई लहान असताना मास्तरांची थोरली बहीण त्यांच्याकडे राहायला आली होती आणि मास्तर शाळेतून आले तर शाई जमिनीवर बसलेली, डावा हात रुमालानं कमरेच्या पट्ट्याला बांधलेला, आणि उजव्या हातात खडू. समोरच्या पाटीवर एक रेघ होती, घाबरून पळणाऱ्या मुंगीसारखी. रडत नव्हती ती. त्याचंच त्यांना जास्त लागलं. त्यांनी खाली बसून गाठ सोडली. गाठ घट्ट होती, दातानं सोडावी लागली, आणि रुमालाला धुतलेल्या कापडाची चव होती. बहीण म्हणाली, "तू मास्तर आहेस ना? मग घरात एवढं तरी शिकव." ते म्हणाले, "ताई, हात तिचा आहे. आपण फक्त कागद फिरवायचा." वाक्य तोंडातून निघून गेलं तेव्हा त्याचा अर्थ त्यांनाही नीट ठाऊक नव्हता. ताई बरेच दिवस बोलली नाही. सबंध आयुष्यात आपण शूरपणा म्हणावा असं काही केलं असेल तर तेवढंच, असं त्यांना आजही वाटायचं, आणि वाटलं की छाती थोडी भरून यायची.

पण हात तिचा, एवढं म्हणून भागलं नाही. ती लिहायची ते सगळं पुसलं जायचं. लिहिलेल्या अक्षरांवरूनच तिचा हात पुढे सरकायचा, आणि संध्याकाळी करंगळीपासून मनगटापर्यंत हाताची कड निळी. तिथूनच शाई हे नाव पडलं. मास्तर तिच्या समोर बसून दाखवत तर सगळं उलटं व्हायचं. शेजारी बसून दाखवत तर कोपराला कोपर लागायचं. मग त्या सुट्टीत त्यांनी ठरवलं आणि स्वतः डाव्या हातानं लिहायला घेतलं. रोज. वाण्याच्या सामानाची चिठ्ठी डाव्या हातानं, शाळेला पाठवायचा अर्ज डाव्या हातानं. बायको म्हणाली, "चिठ्ठी वाचून वाणी विचारत होता, घरात सगळं ठीक आहे ना." खांद्यापासून हात भरून यायचा, जीभ दातांत यायची, आणि पहिल्यांदा त्यांना कळलं की पहिल्या दिवशी पाटीवर वाकलेल्या पोराला काय होतं. किती वर्षं ते पोरांना सांगत आले होते, सोपं आहे, असं कर. सोपं नव्हतं. मग एकेक सापडत गेलं. कागद सरळ ठेवायचा नाही, वरची कड उजवीकडे झुकवायची. कागद छातीच्या मधोमध नको, थोडा डाव्या बाजूला. पेन्सिल टोकापासून जरा लांब धरायची म्हणजे लिहिलेलं दिसतं. हात ओळीच्या खालून चालवायचा, वरून आकड्यासारखा वळवायचा नाही. उजेड उजवीकडून. वर्गात बाकाच्या डाव्या टोकाला बसवायचं म्हणजे शेजाऱ्याशी कोपरं भिडत नाहीत. आपण फक्त कागद फिरवायचा, हे वाक्य ताईला बोलून गेल्यावर किती दिवसांनी खरं झालं होतं! त्यानंतर शाळेत आलेल्या प्रत्येक डावखुऱ्या पोराला त्यांनी तसं शिकवलं. शेजारच्या वर्गांतलीही पोरं त्यांच्याकडे यायला लागली. सहकारी चेष्टेनं म्हणत, आले बघा डाव्या पक्षाचे पुढारी.

त्यांनी शाईला फोन लावला. ती ऑफिसात होती. मागे बोलण्याचा, खुर्च्या सरकण्याचा आवाज. एकदा ती त्यांना आपलं ऑफिस दाखवायला घेऊन गेली होती. काचेची खोली, पांढरा फळा, आणि फळ्यापुढे ती, डाव्या हातात पेन, समोर तिच्याहून वयानं मोठी दिसणारी दोन-तीन माणसं मुकाट ऐकत बसलेली. ती काय सांगत होती ते मास्तरांना कळलं नाही. त्यांनी बघितला फक्त हात. ओळीखालून चालणारा. पूर्ण फळा भरला आणि एक अक्षर पुसलं गेलं नाही. त्या दिवशी परत येताना बसमध्ये त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला विनाकारण वेळ विचारली होती, नुसतं कुणाशी तरी बोलावं म्हणून.

"अगं, आपलं पान हरवलं," ते म्हणाले, आणि वरच्या मजल्यावरची मुलगी, तिचा मोजा, सगळं सांगितलं. "तुमच्या त्या सर्च इंजिनला काही झालंय का? का तूच काही बदललंस?"

"मी तर हातही लावला नाही बाबा. थांबा, उघडते." मागचे आवाज तेवढे येत राहिले. "बाबा," ती म्हणाली, "हे काय आहे?"

"काय?"

"वाचून दाखवू? डावखुरे मूल ही देणगी आहे. डावखुरे मूल लिहायला बसले की डावखुऱ्या मुलाचा कागद डावखुऱ्या मुलाच्या डाव्या बाजूला ठेवा. डावखुरे मूल पेन्सिल धरते तेव्हा डावखुऱ्या मुलाला..." तिला पुढे वाचवेना. हसू आवरत होती हे त्यांना कळत होतं. "बाबा, कुणी लिहिलं हे?"

मास्तरांनीच लिहिलं होतं. मागे ती जेवायला आली असताना ताटावरच तिला ऑफिसचा फोन आला होता आणि ती कुणाला तरी म्हणत होती, अरे कीवर्ड, लोक शोधतात तो शब्द, पानावर पाहिजेच ना, नाहीतर पान कशाबद्दल आहे हे इंजिनला कळणार कसं? एवढंच त्यांनी ऐकलं आणि उठून हात धुवायला गेले. पण डोक्यात ते राहिलं. कळणार कसं. म्हणजे त्याला कळत नाही. म्हणजे ते शेवटच्या बाकावरचं पोर आहे, मान हलवतं पण डोक्यात काही शिरलेलं नसतं. आणि अशा पोराला कसं शिकवायचं हे मास्तरांना जगात कुणी सांगायची गरज नव्हती. हा चेंडू. चेंडू लाल आहे. चेंडू गोल आहे. चेंडू आण. चेंडू दे. नवा शब्द प्रत्येक वाक्यात पुन्हा यायला हवा, तोंडात घोळायला हवा, कंटाळा येईपर्यंत, आणि मग एका सकाळी ते पोर आपणहून म्हणतं, चेंडू. किती पोरं अशी बोलती केली होती त्यांनी! तेव्हा शाई गेल्यावर ते बसले आणि मोठ्या मायेनं, त्या न दिसणाऱ्या ढ पोराच्या डोक्यावरून हात फिरवावा तसं, त्यांनी सगळं पान पुन्हा लिहून काढलं. प्रत्येक वाक्यात शब्द घातला. छोट्या हाताचा जो फोटो होता त्याच्या वर्णनातही तोच शब्द भरला, ओळभर. आणि अगदी तळाशी, त्यांनीच शोधून काढलेली युक्ती, पांढऱ्या जागेवर पांढऱ्याच अक्षरात तोच शब्द ओळीमागून ओळ. पाटीवर ठिपके काढून द्यावेत तसं. माणसांना त्रास नको, पण पोराला गिरवता यावं.

"पांढऱ्या अक्षरात?" शाई म्हणाली. ती आता हसत नव्हती. "बाबा, हे करणाऱ्यांना आम्ही दारातून घालवून देतो हो. लोक फसवायला करतात हे. वर यायला."

"मी कुणाला फसवलं?" त्यांचा आवाज चढला. बायकोनं दारातून डोकावून पाहिलं. "मी शिकवत होतो त्याला."

"त्याला शिकवायचं नसतं. ते तपासतं. शब्द पाहिजे, नक्की पाहिजे, पण बोलण्याच्या ओघात येतो तेवढाच. शीर्षकात, सुरुवातीला, जिथे खरंच लागतो तिथे. उरलेलं ते स्वतः समजून घेतं. त्याच त्याच शब्दानं पान भरलं की त्याला वाटतं, ह्याला सांगायचं काही नाहीये, हा नुसता मोठ्यानं ओरडतोय. आणि बाबा, तो फोटो... ज्यांना दिसत नाही ना, त्यांना फोन ते वर्णन वाचून दाखवतो. एखाद्या अंध आईला काय ऐकू येत असेल? डावखुरे मूल, डावखुरे मूल, डावखुरे मूल."

मास्तरांनी डोळे मिटले. अंधारात ते ऐकू आलं. मग दुसरंच काही ऐकू आलं. परीक्षेत एक पोर असायचं, दरवर्षी नवं, पण जात एकच. प्रश्नातलेच शब्द उत्तरात फिरवून फिरवून पान भरायचं. पावसाळा हा एक ऋतू आहे, पावसाळा पावसाळ्यात येतो, पावसाळ्याला पावसाळा म्हणतात. दूरवरून पान बघितलं की भरगच्च, जवळ गेलं की काही नाही. मास्तरांना ते पहिल्या ओळीतच कळायचं. ते रागवत नसत. पोराला जवळ बोलवत आणि म्हणत, आता वही मिट, आणि पाऊस पडला की तुझ्या घरात काय होतं ते सांग. आणि पोर सांगायचं. आता कुठल्यातरी थंड खोलीत बसलेल्या, त्यांना कधी न भेटलेल्या त्या परीक्षकानं त्यांचं पान पहिल्या ओळीत ओळखलं होतं आणि बाजूला सारलं होतं. त्यांना लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही, कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पण त्या लाजेच्या मागून, दार ढकलून आत यावं तशी, एक विचित्र पसंती आत आली. बरोबर केलं त्यानं. मीही हेच केलं असतं. ढ नव्हतंच ते पोर.

"मग मी वही मिटतो," ते म्हणाले.

"काय?"

"काही नाही. पुढे सांग."

"आणखी एक," शाई म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता, पण लिफ्टमधल्या बाईसारखा नव्हे. फळ्यापुढे उभी राहून अडलेल्या माणसाला वाट दाखवतात तसा. "डावखुरे मूल असं कुणी शोधतच नाही बाबा. तो तुमचा शब्द. वर्गातला. शाळेच्या फाटकाशी आईबाप यायचे तुमच्याकडे, ते काय म्हणायचे?"

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले आणि फाटक समोर आलं. फाटकाचा हिरवा रंग, हात टेकून टेकून एका जागी उडालेला. तिथे उभी राहणारी माणसं; कुणी कामावरून तशीच आलेली, कुणी धाकट्याला कडेवर घेऊन. मास्तर, हिचा हात सुटत नाही हो. मास्तर, ह्याची वही बघा, सगळी काळी करून आणतो. डाव्यानं लिहितो, शाळेत मारतील का? आमच्यात कुणीच डावा नाही, मग ह्यालाच कसं? डाव्या हातानं लिहिते, काय करू? ते एकेक सांगत गेले आणि पलीकडे टकटक टकटक आवाज येत राहिला. ती टाइप करत होती. इतक्या माणसांचे आवाज इतकी वर्षं आपण जपून ठेवलेत हे मास्तरांना तेव्हाच कळलं. "बाबा," शेवटी ती म्हणाली, "आमच्याकडे हे शोधून काढायला माणसं नेमतात. आणि तुम्ही तोंडपाठ म्हणून दाखवताय." थोडं थांबून ती पुन्हा म्हणाली, "आता लिहा. तुमच्याच पद्धतीनं लिहा. पण लगेच वर येईल असं नाही हं. ते इंजिन परत कधीतरी येईल, वाचेल, मग ठरवेल. थांबावं लागेल."

"थांबायचं कसं हे तू मला शिकवू नकोस," मास्तर म्हणाले, आणि दोघंही हसली. फोन ठेवण्याआधी ती म्हणाली, "पण ती मुलगी वरच्याच मजल्यावर आहे ना? जा की सरळ. सांगा आईला." तेही मास्तरांच्या डोक्यात येऊन गेलं होतं. पण लिफ्टमधला तो मऊ आवाज त्यांना आठवत होता. ती बाई त्यांना ओळखत नव्हती. तिनं का ऐकावं? मोजा घालणारीही काही दुष्ट नव्हती. तिला प्रश्न पडला, तिनं विचारला, आणि जे पहिलं उत्तर मिळालं ते तिनं मनापासून केलं. आपलं उत्तर तेव्हा जागेवर नव्हतं. आता वर जाऊन दार वाजवणं म्हणजे गैरहजर राहिलेल्यानं उशिरा येऊन आरडाओरडा करण्यासारखं. तरीही संध्याकाळी ते जिन्यानं वर गेले, गुडघा सांभाळत. दाराला कुलूप होतं. आतून कशाचा आवाज नव्हता. ते कठड्याला धरून थोडा वेळ उभे राहिले आणि खाली आले.

लिहायला बसले तर जमेना. शब्द सवयीनं पुन्हा पुन्हा येत होता. एक काढला की दुसरा पुढच्या वाक्यात बसलेला. हात चालूच राहायचा, चाळीस वर्षांच्या मास्तरकीचा हात. शेवटी ते उठले, कोरे कागद घेतले, वरची कड उजवीकडे झुकवली, आणि पेन डाव्या हातात धरलं. बायकोनं चहा आणून ठेवला आणि बघितलं. "आता पुन्हा वाणी विचारणार," ती म्हणाली. पण शेजारची खुर्ची ओढून बसली आणि दिवा उचलून त्यांच्या उजव्या हाताला ठेवला; न सांगता. तिला आठवत होतं सगळं. डाव्या हातानं लिहिताना शब्द जड होतात. प्रत्येक अक्षराला खांद्यापासून जोर लावावा लागतो, आणि ज्याला अक्षर उचलायला एवढे कष्ट पडतात तो तेच अक्षर उगाच दुसऱ्यांदा उचलत नाही. मूल हा शब्द एकदाच आला. पुढच्या वाक्यात त्याचं नुसतं ते झालं, मग ती, मग तिचा हात. कागद फिरवा. पेन्सिल जरा वर धरू द्या. हात बांधू नका. तो तिचा आहे. फोटोच्या वर्णनासाठी त्यांनी डोळे मिटले आणि ज्याला दिसत नाही त्याला सांगावं तसं लिहिलं: लहान मुलीचा डावा हात, पेन्सिल टोकापासून दोन बोटं वर धरलेली, कागद उजवीकडे झुकलेला, हाताच्या कडेवर शाईचा एक डाग. वर शीर्षक म्हणून फाटकाशी ऐकलेलंच वाक्य टाकलं, जसं ऐकलं तसं: मुलगी डाव्या हातानं लिहिते, काय करू? बायकोनं कागद उचलून लांब धरून वाचला. "एक तरी अक्षर पुसलं जायला हवं होतं," ती म्हणाली, "म्हणजे तुम्हीच लिहिलंत हे पटलं असतं." मग कागद खाली ठेवताना तिनं तो नीट, दोन्ही हातांनी ठेवला.

शाईनं ते जसंच्या तसं चढवलं. तळाची पांढरी अक्षरं तिनं काढून टाकली तेव्हा मास्तरांना थोडं वाईट वाटलं, ठिपक्यांची पाटी पुसल्यासारखं. पान वाचून तिनं एवढंच विचारलं, "हे कुणी छाटलं एवढं स्वच्छ?" मास्तर म्हणाले, "माझ्या डाव्या हातानं."

मग थांबणं आलं. दिवस गेले. सकाळी दात घासल्यावर मास्तर संगणकापाशी जात नसत. मुद्दाम जात नसत. बी पेरल्यावर रोज माती उकरून बघणारी पोरं त्यांनी पाहिली होती. उन्हाळा सरत आला. समोरच्या गच्चीवरचे कपडे बदलत राहिले. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरची माणसं दिसली नाहीत. कुठे गावाला गेली असतील. पण दार उघडलं की मास्तरांची नजर आधी खाली जायची, एखाद्या लहान मनगटाच्या उंचीवर.

आणि एका दुपारी लिफ्टमध्ये त्या दोघी होत्या. आई, आणि तिच्या पुढे ती. मास्तर आत शिरले, आणि लगेच खाली बघायचं धाडस त्यांना झालं नाही. ते दाराच्या वरच्या आकड्यांकडे बघत राहिले.

"अहो काका, बरं झालं भेटलात," आई म्हणाली. "तुम्ही सांगत होतात ना, ते पान. मिळालं मला. म्हणजे मी ते शोधत नव्हतेच. हिच्या वहीवर सगळं पुसलं जायचं म्हणून मी आपलं काहीबाही टाकलं, आणि पहिलंच ते आलं. वाचताना असं वाटलं, अरे, हे तर मीच विचारलंय. इतकं सरळ लिहिलंय हो. कोण आहेत हे मास्तर? तुमच्या ओळखीचे?"

इतके दिवस गालात धरलेली गोळी आता जिभेवर आली होती. मास्तरांनी तोंड उघडलं. आणि त्यांना पांढरा फळा दिसला, काठोकाठ भरलेला, आणि त्यावरच्या ओळींखालून चालत जाणारा एक हात.

"आहेत ओळखीचे," ते म्हणाले. "एका डावखुऱ्या मुलीचे वडील."

मग त्यांनी खाली बघितलं. मोजा नव्हता. करंगळीपासून मनगटापर्यंत हाताची कड निळी होती, पण मधेच, करंगळीच्या बुडाशी, एक जागा स्वच्छ राहिली होती. हात खालून चालवायला शिकते आहे हे ती स्वच्छ जागा सांगत होती. मुलीनं मास्तरांकडे वर बघितलं, टाचा उचलल्या, डावा हात लांब केला, आणि मनाला येईल ते बटण दाबलं.

लिफ्ट भलत्याच मजल्यावर थांबली. दार उघडलं. समोर त्याच चपला ओळीनं लावलेल्या होत्या. कुणीच घाई केली नाही.